स्पर्शिका म्हणजेच टँजंट

शनिवारी रात्री जेवणं आवरून मोबाईल हातात घेतला तर कोर्सचा निकाल आलेला. ८१ टक्के. आई आतनं विचारत होती काय झालं गं, एवढी गप का बसलीस, आणि मला पटकन काही बोलताच येईना. कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते मोजायच्या गणितात, पास झाले मी. बावीस वर्षांपूर्वी ज्या विषयानं मला सायन्समधनं बाहेर काढलं त्याच विषयात, बेळगावजवळच्या त्याच येळ्ळूरच्या घरात, माडीवरच्या त्याच खोलीत बसून.

हे लिहायचं कारण म्हणजे दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की बाई तू या वयात हे कशाला घेतलंस, आणि दुसरं म्हणजे भाची यंदा पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, आहे, तिच्यासारखी मराठी माध्यमातनं आलेली पोरं बेळगावात दरवर्षी त्याच ठिकाणी अडकतात जिथं मी अडकले होते, त्यातल्या एकाला जरी उपयोग झाला तरी पुष्कळ झालं.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, गणितात ९१ पडले होते, घरी सगळ्यांना वाटलं पोरगी इंजिनियर होणार. पीयूसीला सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी झालं. वर्गात इंग्रजी, ऑफिसात फॉर्म भरायला गेलं की कन्नड, घरी आलं की मराठी. सर वाईट नव्हते, पण पोर्शन संपवायची घाई, आणि बोर्डावर जे येतंय ते उतरवून घ्यायचं एवढंच आमचं काम.

एक गोष्ट सांगते, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. दहावीत आम्ही स्पर्शिका शिकलो होतो, वर्तुळाला एकाच बिंदूत टेकून पुढं जाणारी रेषा. मला ती फार आवडायची, कंपासनं वर्तुळ काढून स्पर्शिका काढायला मी कधी चुकले नाही. पीयूसीत सर वाकडी रेघ काढायचे, तिच्यावर एक ठिपका द्यायचे आणि म्हणायचे टँजंट ॲट पी. माझ्या डोक्यात टँजंट म्हणजे टॅन, साइन कॉस टॅनमधला टॅन. मी बसून विचार करायची की या वाकड्या रेघेत कोन कुठाय, त्रिकोण कुठाय. किती महिने गेले असतील, मला कळलंच नाही की हा टँजंट म्हणजे आपली स्पर्शिका. विचारायला पाहिजे होतं, पण इंग्रजीत प्रश्न जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. सेकंड इयरला गणितात नापास झाले, सप्लिमेंटरीत कसंबसं काढलं, आणि बी.कॉम.ला गेले. डिग्री धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची, तेव्हा बेळगावची कॉलेजं त्यांच्याकडंच होती.

आता बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, कॉस्टिंग बघते, चौदा वर्षं झाली. कास्टिंगचा एक नग काढायला किती खर्च येतो, कोटेशन किती द्यायचं, हे माझं काम.

गेल्या दिवाळीच्या आधी एक जादा ऑर्डर आली होती. इथले आकडे मी बदललेत, पण हिशेब तसाच आहे. समजा महिन्याचा बांधील खर्च ४०,००० रुपये, भाडं पगार वगैरे, काही काढलं नाही तरी होणारच. त्यावर प्रत्येक नगाला माल आणि वीज मिळून १८० रुपये. आणि जसं काम वाढेल तसा ओव्हरटाइम, रिजेक्शन, गडबड वाढते, त्याचे नगांच्या वर्गाला ०.०२ नं गुणून येतील तेवढे रुपये. आम्ही ५०० नग काढत होतो. एकूण खर्च १,३५,०००, म्हणजे नगाला सरासरी २७० रुपये. गिऱ्हाईक म्हणालं अजून १०० नग द्या, २३० रुपयांनी. मी शीट काढली, २७० चा माल २३० ला कसा द्यायचा, म्हणून साहेबांना नको लिहून दिलं आणि ऑर्डर गेली.

ते मनात राहिलं, कारण त्या महिन्यात दोन दिवस भट्टी अर्धवट चालली. मग एक दिवस कुठंतरी मार्जिनल कॉस्ट हा शब्द वाचला, म्हणजे अजून एक नग काढायला लागणारा जादा खर्च, बी.कॉम.ला एका ओळीत पाठ केलेला, आणि खाली लिहिलेलं की हा एकूण खर्चाचा डेरिव्हेटिव्ह, कॅल्क्युलसमधला शब्द. त्या शब्दानं पोटात गोळाच आला. पण म्हटलं आता ह्याला सोडायचं नाही.

कोर्स अमेरिकेतल्या एका कॉलेजचा, १४ आठवड्यांचा, व्हिडिओ फुकट आणि सर्टिफिकेट पाहिजे असेल तर परीक्षेचे पैसे. नाव इंट्रोडक्टरी अप्लाइड कॅल्क्युलस. हे कुणासाठी असतं ते मला आधी माहीतच नव्हतं. तिकडं इंजिनियरिंगवाल्यांचं कॅल्क्युलस वेगळं आणि कॉमर्स, इकॉनॉमिक्स, बायोलॉजीच्या पोरांचं हे वेगळं. सिद्धता कमी, साइन कॉस जवळजवळ नाहीतच, आणि प्रत्येक धड्यात खर्च, विक्री, लोकसंख्या, औषधाचं रक्तातलं प्रमाण असली उदाहरणं. म्हणजे हे शास्त्र वापरायचं कसं तेवढं बघायचं. माझ्यासारखीला हेच पाहिजे होतं आणि असं काही असतं हे अठराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर, जाऊ दे.

पहिल्या आठवड्यात बाईंनी, म्हणजे व्हिडिओत शिकवणाऱ्या प्रोफेसर बाईंनी, एक प्रश्न टाकला. गाडीनं तासात ४० किलोमीटर गेलात, मग बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी तुमचा वेग किती होता? मी व्हिडिओ थांबवला. मला आमच्या राजहंसगड किल्ल्याचा रस्ता आठवला. खालनं वरपर्यंत एकूण चढ किती आणि अंतर किती ते भागलं की सरासरी चढ येतो, पण स्कूटीला सरासरी चढ माहीत नसतो. तिला त्या वळणावर, चाकाखाली जो चढ आहे तोच लागतो, तिथं ती रडते, पुढं जरा सपाटी आली की सुटते. मग त्या एका जागचा चढ मोजायचा कसा? एका बिंदूला लांबीच नाही. म्हणून वळणाच्या अलीकडनं पलीकडपर्यंत दहा मीटर घ्यायचे, चढ भागिले अंतर काढायचं. मग एक मीटर घ्यायचं. मग एक वीत. मग एक बोट. उत्तर बदलत बदलत एका आकड्याकडं सरकतं आणि तिथंच घुटमळतं. तो आकडा म्हणजे त्या जागचा चढ. आणि त्या जागी रस्त्याला फळी टेकवून ठेवली तर ती फळी जेवढी तिरकी, तेवढाच तो आकडा. ती फळी म्हणजे स्पर्शिका.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले, पाऊस पडत होता, आणि मी खोलीत एकटीच मोठ्यानं बोलले, स्पर्शिका म्हणजेच टँजंट. बावीस वर्षं लागली या एका वाक्याला.

त्या रात्री मी जुनी २०० पानी वही काढली आणि ठरवलं की व्हिडिओ इंग्रजीत बघायचा पण टिपणं मराठीत लिहायची. शब्द शोधत बसले. डिफरन्शिएशन म्हणजे अवकलन, इंटिग्रेशन म्हणजे समाकलन, आणि लिमिट म्हणजे सीमा. या शेवटच्या शब्दावर मी थांबले. सीमा हा शब्द आपल्याकडं कसा ऐकायला मिळतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, सीमाभाग, सीमाप्रश्न, सीमालढा, १ नोव्हेंबरचा काळा दिन, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. आणि तोच शब्द गणितात एवढा शांत. जिच्या हवं तेवढं जवळ जाता येतं ती सीमा. त्या जागी प्रत्यक्ष काय आहे, काही आहे की नाही, याच्यावर ती अवलंबूनसुद्धा नाही, दोन्ही बाजूंनी जवळ येताना तुम्ही एकाच आकड्याकडं येताय का एवढंच ती विचारते. डावीकडनं आलात तर एक आणि उजवीकडनं आलात तर दुसराच आकडा येत असेल तर तिथं सीमा नाही असं म्हणायचं. मला हे इंग्रजीत दहा वेळा वाचून कळलं नव्हतं, मराठीत लिहिल्यावर एका वेळेत कळलं.

त्या एका जागच्या चढालाच डेरिव्हेटिव्ह म्हणतात, मराठीत अवकलज. वहीत अवकलज असा शब्द मी लिहीत नाही, मी चढ लिहिते. खर्चाचा चढ, विक्रीचा चढ, पाण्याचा चढ. परीक्षेत डेरिव्हेटिव्ह लिहायचं, पण डोक्यात चढ.

याच नादात भास्कराचार्यांबद्दल वाचलं. जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० ला लिहिला, आणि त्यात ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे दिवसाची सरासरी सोडून त्या क्षणाची गती, असा विचार आहे. न्यूटन आणि लाइबनिझ त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी. कॅल्क्युलसचं अख्खं शास्त्र त्या दोघांनी उभं केलं हे खरंच आहे, लाइबनिझचा त्यावरचा पहिला छापील लेख १६८४ चा, पण प्रश्न तोच आहे, या क्षणाला किती. भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड. ते कुठलं यावर एकमत नाही, कुणी म्हणतात आपल्याकडचं विजापूर, कुणी म्हणतात चाळीसगावजवळचं पाटण, तिथं त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. वाचून मला त्यांच्याबद्दल जास्तच आपुलकी वाटली, आपल्यासारखाच दोन्हीकडचा माणूस.

पाचव्या आठवड्यात मार्जिनल कॉस्ट आली. ती संध्याकाळ मी विसरणार नाही. एकूण खर्चाचा चढ काढायचा. बांधील ४०,००० चा चढ शून्य, ते वाढतच नाहीत. १८० तसेच राहतात. नगांच्या वर्गाचा चढ नगांच्या दुप्पट, म्हणून ०.०२ चे ०.०४ होतात. ५०० नगांवर तो चढ येतो १८० अधिक २०, म्हणजे २०० रुपये. पाचशेच्या पुढचा नग आम्हाला साधारण २०० ला पडत होता आणि गिऱ्हाईक २३० देत होतं. शंका नको म्हणून सरळ हिशेबानंसुद्धा ६०० नगांचा एकूण खर्च काढला, १,५५,२००. म्हणजे जादा १०० नगांना २०,२००, नगाला २०२. चढानं सांगितलेलं २०० आणि खरे २०२. ऑर्डर घेतली असती तर २,८०० रुपये सुटले असते आणि भट्टीवरच्या पोरांना दोन दिवस पूर्ण काम मिळालं असतं. मी नको लिहून दिलं होतं. रकमेपेक्षा त्या दोन दिवसांचं मला जास्त लागलं, कारण त्यातल्या दोघांना मी रोज गेटवर बघते.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तो कागद ठेवला. आता आमच्या कोटेशनच्या शीटमध्ये सरासरीच्या शेजारी अजून एक रकाना आहे. अर्थात प्रत्येक ऑर्डर अशी घ्यायची नसते, रोजचंच गिऱ्हाईक २३० मागायला लागलं तर बांधील खर्च कोण भरणार, पण दोन्ही आकडे समोर असल्याशिवाय आता कुणी नको म्हणत नाही.

घरचं सांगते. अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी पेपरात राकसकोपची पाणीपातळी बघतात. बेळगावला प्यायचं पाणी तिथनं येतं, मार्कंडेय नदीवरचं धरण, आणि पावसाळ्यात पेपरवाले रोज किती फूट झालं ते छापतात. जुलैमध्ये एक दिवस अप्पा म्हणाले, "पाणी चढूलाय खरं, पण चढणं कमी झालंय गे. परवा दोन फूट, काल दीड, आज एक." मी चहा तसाच ठेवला. अप्पांनी जे सांगितलं तो दुसरा डेरिव्हेटिव्ह, चढाचा चढ. त्यासाठी मी अख्खा एक आठवडा घातला होता, पातळी वाढतेय म्हणजे पहिला धन, वाढीचा वेग घटतोय म्हणजे दुसरा ऋण, आणि अप्पा सातवी शिकलेले, भात लावून आलेले, पायाचा चिखल अजून वाळलेला नाही.

मी म्हटलं अप्पा, म्हणजे पाऊस कमी झाला. तर म्हणाले, "तसं कुठाय? वर धरण पसरट होतंय की. खाली फूट भरायला थोडं पाणी पुरतंय, वर तेवढ्याच फुटाला लय लागतंय." बरोबर हेच पुढच्या आठवड्यात आलं, रिलेटेड रेट्स नावानं. पाणी किती वेगानं आत येतंय आणि पातळी किती वेगानं चढतेय या दोन वेगांचं नातं, मध्ये त्या उंचीवरचं पाण्याचं क्षेत्रफळ. आत येणारा वेग भागिले क्षेत्रफळ म्हणजे पातळीचा वेग. पुस्तकात शंकूच्या आकाराची टाकी होती, मी वहीत राकसकोप काढलं.

आता रायझरचं. हा भाग जरा लांबेल, पण माझ्यासाठी अख्ख्या कोर्सचं सार हेच होतं.

फाउंड्रीबाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. साच्यात लोखंड ओतलं की ते थिजताना आकसतं. आकसताना आत पोकळी राहू नये म्हणून जॉबाच्या, म्हणजे ओतलेल्या वस्तूच्या, बाजूला किंवा डोक्यावर लोखंडाचा एक जादा साठा ठेवतात, तो रायझर. जॉब थिजेपर्यंत रायझर पातळ राहिला पाहिजे, म्हणजे तो आपलं लोखंड जॉबाला देत राहतो, नंतर त्याला तोडून परत भट्टीत टाकायचं. परत टाकलेलं लोखंड म्हणजे परत वितळवायची वीज, म्हणून रायझर जेवढा लहान तेवढा कॉस्टिंगवाल्यांना बरा. किती वेळ पातळ राहील याचा एक नियम आहे, चेक इंजिनियर ख्वोरिनोव्ह यांनी १९४० साली मांडलेला, वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे लोखंड तेवढंच ठेवून पृष्ठफळ कमीत कमी केलं की तो जास्त वेळ टिकतो. उष्णता बाहेर जाते ती अंगातनंच ना.

आमचे मिस्त्रीमामा, तीस वर्षं मोल्डिंगवर, बाजूच्या रायझरची उंची कायम व्यासाएवढी किंवा थोडी जास्त ठेवतात. मी कॉस्टिंगला लागले तेव्हापासून बघतेय. का म्हणून विचारलं की म्हणायचे वस्तादानं शिकवलंय. नवव्या आठवड्यात ऑप्टिमायझेशन, म्हणजे कमीत कमी किंवा जास्तीत जास्त कुठं ते काढणं, आलं आणि गृहपाठात गणित होतं, ठरावीक घनफळाचा पत्र्याचा डबा, कमीत कमी पत्रा. मी डबा खोडून रायझर लिहिलं. घनफळ ठरलेलं असेल तर अंगाचं क्षेत्रफळ म्हणजे दोन घनफळ भागिले त्रिज्या, आणि वरचं-खालचं तोंड मिळून दोन गुणिले पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या वाढवली की पहिलं घटतं, दुसरं वाढतं. चढ काढला, शून्य ठेवला, सोडवत गेले, आणि उत्तर आलं उंची बरोबर दोन त्रिज्या. म्हणजे उंची बरोबर व्यास. वस्तादाचं उत्तर.

तेवढ्यावर थांबले नाही, आकडे घालून बघितले. १० सेंटिमीटर व्यास, १० उंची, घनफळ ७८५ घनसेंटिमीटर, पृष्ठफळ ४७१. तेवढंच लोखंड १४ व्यासाच्या बुटक्या रायझरमध्ये घातलं तर पृष्ठफळ ५३२ होतं आणि थिजायचा वेळ २२ टक्क्यांनी घटतो. ८ व्यासाचा उंच केला तर ९ टक्क्यांनी. आणि ९ व्यासाचा केला तर? फक्त २ टक्के. हे बघून मला चढ शून्य म्हणजे काय ते खऱ्या अर्थानं कळलं. जिथं सगळ्यात कमी आहे तिथं रेघ सपाट असते, म्हणून थोडं इकडं तिकडं झालं तरी फारसं बिघडत नाही. मामा सेंटिमीटरभर मागंपुढं करतात आणि त्यांचा जॉब बिघडत नाही, त्याचं कारण ती सपाटी.

मग मी डोक्यावरच्या रायझरचं गणित केलं. त्याचं खालचं तोंड जॉबाला चिकटलेलं, तिथनं उष्णता जात नाही असं धरलं तर एकच तोंड मोजायचं. उत्तर आलं उंची म्हणजे त्रिज्या, व्यासाच्या निम्मी. आमच्याकडं डोक्यावरचेसुद्धा व्यासाएवढे उंच असतात. मला वाटलं इथं आपण लोखंड वाचवू शकतो. कागद घेऊन शॉपवर गेले, मामांना खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. बाजूच्या रायझरचं बघून खूश झाले, वस्ताद बरोबरच होते म्हणाले. डोक्यावरचं बघून मान हलवली.

"आक्का, हे नाय चालत. वरनं लोखंड आत बसतंय, बघितलीस न्हवं, मधी खड्डा पडतोय. अर्धं ठेवलं की तो खड्डा खाली जॉबातच उतरतोय."

त्यांनी भंगाराच्या ढिगातनं एक तोडलेला रायझर आणून कापलेल्या बाजूनं माझ्यापुढं धरला. मध्ये वरनं खाली निमुळती होत गेलेली पोकळी, बोट घातलं तर दोन पेरं आत. गाजर उपटल्यावर जमिनीत राहतं तसं भोक. माझ्या गणितात लोखंड शेवटपर्यंत काठोकाठ भरलेलं होतं, कारण मी तसं धरलं होतं, आणि खरं लोखंड खाली जात जात निम्मं रिकामं होतं. गणित चुकलेलं नव्हतं, एक अट मी लिहिलीच नव्हती, की पोकळीचं टोक जॉबाच्या वरच राहिलं पाहिजे. ती अट घातली की उंची परत वर जाते. पुस्तकांतसुद्धा उंची व्यासाच्या एक ते दीड पट धरतात, हे मी घरी येऊन वाचलं. त्या दिवसापासून गणित सोडवायच्या आधी मी वहीत एक ओळ सोडते आणि वर लिहिते, अटी काय.

बाकीचं पटकन सांगते. एक्स्पोनेन्शियल मला सोपं गेलं, व्याजामुळं. चेन रूलला, म्हणजे एका सूत्राच्या पोटात दुसरं सूत्र असताना चढ काढायच्या नियमाला, दोन आठवडे गेले आणि अजूनही कधी कधी आतल्याचा चढ गुणायचा राहतो. समाकलन शेवटी आलं, आणि त्याचं चिन्ह म्हणजे लाइबनिझनं १६७५ ला ताणून लांब केलेला एस आहे, लॅटिनमधला बेरीज या अर्थाचा सुम्मा, हे कळल्यावर भीती गेली. बेरीजच आहे ती. दर तासाला किती पाणी आत आलं त्याच्या बारीक बारीक पट्ट्या करून बेरीज, की दिवसाचं पाणी. पीयूसीला या चिन्हाखाली मी चाळीस सूत्रं पाठ केली होती आणि हे बेरजेचं चिन्ह आहे हे मला माहीत नव्हतं.

ऑनलाइनचा त्रास मात्र खरा आहे, तो लपवत नाही. उत्तर टाइप करायची पद्धत फार किचकट, भागाकारात कंस राहिला की बरोबर उत्तर चूक, आणि तीनच संधी. एकदा दोन तास घालून काढलेलं उत्तर मी साधं रूप न देता टाकलं म्हणून शून्य मिळालं, मेल केला, उत्तर आलं नाही. त्या रात्री मी कोर्स सोडणार होते. वर्गात निदान हात वर करून सर बघा की म्हणता येतं, इथं कुणाला म्हणायचं? परीक्षेला कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. परीक्षा रात्री नऊला, आणि त्याच दिवशी गल्लीत बारसं, स्पीकर लावलेला. अप्पा स्वतः जाऊन सांगून आले, पोरीची परीक्षा हाय, आणि त्यांनी तीन तास स्पीकर बंद ठेवला. नऊ वीसला वीज गेली. मोबाईलचं नेट, लॅपटॉपची बॅटरी आणि आईनं दाराबाहेर धरलेली बॅटरी, कारण आत यायची परवानगी नाही, त्या उजेडात मी तीन गणितं सोडवली. त्यातलं एक जास्तीत जास्त नफ्याचं होतं, ते पूर्ण बरोबर आलं.

कुणाला करायचं असेल तर माझ्या अनुभवावरनं एवढंच सांगते, कॅल्क्युलसच्या आधी अपूर्णांक, घातांक आणि समीकरणं महिनाभर घासून घ्या. माझे जे मार्क गेले त्यातले निम्मे चढ काढताना गेले नाहीत, त्यानंतरच्या साध्या बीजगणितात गेले. खान ॲकॅडमीवर हे सगळं फुकट आहे. आलेख बघायला डेस्मॉस घ्या, तेही फुकट, सूत्र घातलं की रेघ समोर, आणि स्पर्शिका सरकवून बघता येते. आणि वही मराठीतच लिहा, कन्नड माध्यमाचे असाल तर कन्नडमध्ये, ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत.

भाची आता रविवारी येते. पहिल्या दिवशी तिला वर्तुळ काढून विचारलं ही रेषा कुठली, तर लगेच म्हणाली स्पर्शिका. मग तिच्या पीयूसीच्या नोट्समधली वाकडी रेघ दाखवली आणि विचारलं ही कुठली, तर म्हणाली टँजंट. मी म्हटलं या दोघींचं नातं काय? ती बघतच राहिली. मग आम्ही दोघी स्कूटीवरनं राजहंसगडाच्या पायथ्याला गेलो, सोबत एक फळी घेऊन.

आणि मामांनी परवा निरोप दिलाय की येत्या आठवड्यात डोक्यावरच्या रायझरचे तीन नमुने ओततो, उंची व्यासाच्या पाऊण पट, एक पट आणि सव्वा पट, लोखंड तिन्हीत सारखंच, थंड झाल्यावर उभे कापू आणि खड्डा कुठपर्यंत उतरतोय ते पट्टीनं मोजू. वहीत तीन रकाने आखून ठेवलेत. कापल्यावर फोटो इथं टाकते.